बाप कानाचा नामांकित सर्जन, पण मुलाचा जीव गेला कानाच्याच दुखण्यानं

ऑस्कर वाइल्ड हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. इंग्रजी नाटकं लिहिणारा, खटक्यात बोलणारा, झकपक कपडे घालणारा आणि शेवटी जेलमध्ये गेलेला लेखक. पण त्याच्या वडिलांचं नाव काय, असं विचारलं तर फार कमी जणांना उत्तर देता येईल.

१८६० च्या सुमारास आयर्लंडच्या डब्लिन शहरात परिस्थिती बरोबर उलटी होती. तिथं ऑस्कर हे एक लहान पोर होतं आणि अख्खं शहर ओळखायचं ते त्याच्या वडिलांना. डॉक्टर विल्यम वाइल्ड. डोळ्यांचे आणि कानांचे सर्जन.

कानामागच्या हाडात पू झाला तर काय करायचं, हे ज्यांनी जगभरच्या डॉक्टरांना शिकवलं, त्यात विल्यम यांचं नाव फार वरचं आहे. कानामागे दिल्या जाणाऱ्या एका छेदाला आजही वैद्यकाच्या पुस्तकात त्यांचंच नाव आहे.

आणि त्यांचाच मुलगा वयाच्या ४६ व्या वर्षी पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात कानाच्या दुखण्यानं गेला.

हे कसं झालं, ते समजून घ्यायला आधी कानामागचं हाड समजून घ्यायला हवं.

हाड आहे, पण आतून पोकळ

आपल्या कानामागे बोट लावून बघा. एक टणक उंचवटा लागेल. बाहेरून तो दगडासारखा घट्ट वाटतो, पण बहुतेकांच्या या हाडात आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छोट्या छोट्या पोकळ्या असतात. त्यात हवा भरलेली असते.

ही हवा येते कुठून? तर नाकामागच्या भागातून. घशाच्या वरच्या बाजूनं एक बारीक नळी कानाच्या पडद्यामागे जाते. विमानात किंवा घाटात कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की तो सुटतो, ती हीच नळी. पडद्यामागच्या जागेतून हवा मागे एका मोठ्या पोकळीत जाते आणि तिथून या पोळ्यासारख्या खोल्यांमध्ये पसरते.

म्हणजे जी वाट हवेची, तीच वाट पुवाची. सर्दी झाली, कान फुटला, आतला पू बाहेर पडायला जागा मिळाली नाही, की तो मागे या खोल्यांमध्ये शिरतो.

आता इथं धोका काय? या पोकळ्यांच्या वरच्या बाजूला हाडाचा एक पातळ पापुद्रा आणि त्याच्या वर थेट मेंदू. मागच्या बाजूला मेंदूकडून रक्त खाली आणणारी मोठी शीर. आतून जाते चेहरा हलवणारी नस. एवढ्याशा जागेत इतकं सगळं दाटीवाटीनं बसलेलं आहे. पुवानं यातली कुठलीही भिंत पोखरली की माणूस मेलाच, अशी त्या काळची अवस्था होती. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती आणि आत डोकावून बघायला एक्स-रेसुद्धा नव्हता.

अशा काळात विल्यम वाइल्ड डॉक्टर झाले.

गावच्या डॉक्टरचा मुलगा डब्लिनला येतो

विल्यम यांचा जन्म मार्च १८१५ चा. आयर्लंडच्या पश्चिमेला रॉसकॉमन नावाचा परगणा आहे, तिथल्या कॅसलरी गावाजवळचा. वडील गावचे डॉक्टर. त्यांच्यासोबत खेडोपाडी फिरताना विल्यम यांना दोन गोष्टींची गोडी लागली. एक म्हणजे वैद्यकी आणि दुसरी म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडच्या जुन्या गोष्टी, भुताखेतांच्या कथा, घरगुती उपचार.

१८३२ मध्ये, १७ व्या वर्षी ते डब्लिनला शिकायला आले. त्यांना गुरू मिळाले अब्राहम कॉलिस. मनगटाच्या एका नेहमीच्या फ्रॅक्चरला आजही ज्यांचं नाव आहे, ते हेच कॉलिस. १८३७ मध्ये विल्यम यांना सर्जन म्हणून परवाना मिळाला आणि लगेच एक भन्नाट नोकरी चालून आली. एका श्रीमंत माणसाला तब्येतीसाठी जहाजानं उबदार देशांत फिरायचं होतं आणि सोबत डॉक्टर हवा होता.

या प्रवासात विल्यम यांनी इजिप्त पाहिला. पिरॅमिड तर पाहिलेच, पण डोळ्यांच्या साथीनं आंधळी झालेली माणसंही पाहिली. परत आल्यावर त्यांनी या प्रवासावर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं. मग पुढचं शिक्षण घ्यायला ते लंडन, व्हिएन्ना आणि बर्लिनला गेले. व्हिएन्ना हे शहर लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

तबेल्यातला दवाखाना

१८४१ मध्ये विल्यम डब्लिनला परतले. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना थोडाफार मान होता, पण कानाला कुणी विचारत नव्हतं. कानाचं दुखणं म्हणजे वैदूंचा आणि भोंदूंचा धंदा झाला होता. चांगले सर्जन त्यात हात घालायचे नाहीत.

विल्यम यांनी एका जुन्या तबेल्यात गरिबांसाठी दवाखाना सुरू केला. डोळे आणि कान, दोन्हींसाठी. गर्दी वाढली आणि १८४४ मध्ये त्याचं हॉस्पिटल झालं. नाव सेंट मार्क्स. हे हॉस्पिटल पुढे १८९७ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत विलीन झालं आणि त्यातून उभं राहिलेलं डोळ्या-कानाचं हॉस्पिटल डब्लिनमध्ये आजही सुरू आहे.

या हॉस्पिटलात विल्यम यांनी एक सवय लावून घेतली. प्रत्येक पेशंटची नोंद ठेवायची. त्रास कधीपासून, कुठल्या कानाला, पडदा कसा दिसतो, उपचार काय केला, पुढे काय झालं. कानात बघायला त्यांनी सुटसुटीत नळकांडं वापरलं. कानात वाढणारा मांसाचा कोंब काढायला तारेचा फास असलेलं एक अवजार तयार केलं. निरोगी पडद्यावर प्रकाशाचा त्रिकोणी तुकडा दिसतो, ही गोष्टही त्यांनी नोंदवली.

या सगळ्याचं पुस्तक आलं १८५३ मध्ये. कानाच्या शस्त्रक्रियेवरचं हे पुस्तक युरोप-अमेरिकेत वाचलं गेलं. त्यात दोन मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे होते.

पहिला मुद्दा कान वाहण्याचा. तेव्हा लोकांचा, आणि कित्येक डॉक्टरांचासुद्धा समज होता की कान वाहतोय तर वाहू द्यावा, शरीरातली घाण बाहेर पडते, तो बंद केला तर ती आत जाईल. विल्यम यांनी याच्या बरोबर उलट सांगितलं. कान जोवर वाहतोय तोवर हे दुखणं कुठं आणि कसं संपेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, असा त्यांचा इशारा होता.

दुसरा मुद्दा कानामागच्या सुजेचा. कानामागे लाल, गरम, ठणकणारी सूज आली तर वाट बघत बसायचं नाही. पाकळीच्या मागे, तिला समांतर, थेट हाडापर्यंत छेद द्यायचा आणि पुवाला वाट करून द्यायची. हाच तो वाइल्ड यांचा छेद.

आज हे साधं वाटेल. पण तेव्हा कानामागच्या हाडाला हात लावायला सर्जन घाबरत होते आणि त्याला कारणही होतं. १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचे डॉक्टर बॅरन फॉन बर्गर यांनी बहिरेपणावर उपाय म्हणून स्वतःच्या कानामागचं हाड उघडून घेतलं होतं आणि काही दिवसांतच ते मेंदूच्या आवरणाला सूज येऊन वारले. त्यानंतर बरीच वर्षं या ऑपरेशनचं नाव काढलं तरी डॉक्टर दचकायचे. विल्यम यांनी हाड फोडायचा आग्रह धरला नाही. हाडाबाहेर आलेल्या पुवाला वेळेत वाट करून द्या, एवढंच त्यांनी सांगितलं आणि त्यानंही बरेच जीव वाचले.

पुस्तक आल्यानंतरच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८५४ ला त्यांच्या घरी दुसरा मुलगा जन्मला. त्याचं नाव ठेवलं ऑस्कर.

मेलेल्यांची मोजणी

विल्यम यांचं आणखी एक काम आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. आयर्लंडच्या जनगणनेतली आजारांची आणि मृत्यूंची आकडेवारी त्यांनी सांभाळली.

१८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या होती साधारण ८१ लाख ७५ हजार. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. १८५१ ला पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला ६५ लाख ५२ हजार. दहा वर्षांत १६ लाखांहून जास्त माणसं कमी. काही देश सोडून गेली, बाकीची उपासमारीनं आणि तापानं मेली.

कोण कशानं मेलं, याचे तक्ते विल्यम यांनी तयार केले. मूक-बधिर आणि अंध लोकांची वेगळी नोंद करून घेतली. त्या दुष्काळाबद्दल आज जे काही आकडे सांगितले जातात, त्यातला मोठा भाग या तक्त्यांवर उभा आहे. याच कामासाठी १८६४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

जोडीला प्राचीन वस्तूंचा अभ्यास सुरूच होता. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीतल्या प्राचीन वस्तूंची सूची त्यांनी केली. खेड्यापाड्यातून जमवलेल्या लोककथा लिहून ठेवल्या. त्यांची बायको जेन स्वतः कवयित्री होती, स्पेरांझा या टोपणनावानं लिहायची. विल्यम यांच्या मृत्यूनंतर तिनं त्या लोककथा पुस्तकरूपात आणल्या.

किताब मिळाला आणि त्याच वर्षी कोर्ट

पण १८६४ हेच वर्ष वाइल्ड घराण्याला खाली ओढणारंही ठरलं.

मेरी ट्रॅव्हर्स नावाची एक तरुणी विल्यम यांची पेशंट होती. क्लोरोफॉर्म देऊन आपल्यावर अत्याचार केला, असा आरोप तिनं केला. तिनं पत्रकं छापून वाटली. चिडलेल्या जेननं मेरीच्या वडिलांना पत्र लिहिलं आणि त्या पत्रावरून मेरीनं जेनवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

डिसेंबर १८६४ मध्ये खटला चालला. विल्यम साक्षीला उभेच राहिले नाहीत. निकाल मेरीच्या बाजूनं लागला, पण ज्युरींनी भरपाई ठरवली फक्त एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कोर्टाचा खर्च मात्र वाइल्ड कुटुंबावर आला आणि शहरभर जी चर्चा झाली ती वेगळीच.

त्यानंतर एकामागून एक घाव बसत गेले. १८६७ मध्ये त्यांची लाडकी मुलगी इसोला दहा वर्षांची व्हायच्या आत तापानं गेली. विल्यम यांना लग्नाआधीची तीन मुलं होती. त्यातल्या दोन मुली १८७१ मध्ये एका पार्टीत कपड्यांना आग लागून भाजल्या आणि वारल्या. त्यांच्या मृत्यूंचा उघडपणे शोकही करता येत नव्हता.

१९ एप्रिल १८७६ ला, ६१ व्या वर्षी विल्यम वाइल्ड गेले. मागे कर्जात अडकलेली घरं राहिली. ऑस्कर तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकत होता.

जेलमधला कान

पुढची १९ वर्षं ऑस्कर चढतच गेला. १८९५ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याची दोन नाटकं एकाच वेळी चालू होती. त्याच वर्षी त्यानं एका उमरावावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तीस वर्षांपूर्वी आईबापांचं नाव ज्या प्रकारच्या खटल्यानं खराब केलं, त्याच प्रकारचा खटला. तो उलटला आणि समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली २५ मे १८९५ ला ऑस्करला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

वँड्सवर्थच्या जेलमध्ये असताना तो चक्कर येऊन पडला आणि उजव्या कानाला मार लागला, असं त्याच्या चरित्रांमध्ये येतं. जुलै १८९६ मध्ये त्यानं सरकारकडे जो अर्ज केला, त्यात उजव्या कानात गळू होऊन पडदा फुटल्याचं आणि त्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नसल्याचं लिहिलं होतं. ज्याच्या बापानं कान वाहण्याकडे दुर्लक्ष करू नका असं जगाला सांगितलं, त्याच्या कानाकडे जेलमध्ये धड बघायला कुणी नव्हतं.

१८९७ मध्ये तो सुटला. फ्रान्समध्ये टोपणनावानं राहू लागला. १० ऑक्टोबर १९०० ला पॅरिसच्या हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं. काही आठवडे बरे गेले आणि मग पुन्हा दुखणं उसळलं. डॉक्टरांनी लिहून ठेवलं की उजव्या कानातल्या जुन्या पुवामुळे मेंदूवर परिणाम झाला आहे. ३० नोव्हेंबर १९०० ला ऑस्कर वाइल्ड गेला.

पुढे बरीच वर्षं तो गुप्तरोगानं गेला, अशी चर्चा चालली. पण २००० साली कानाच्या तज्ज्ञांनी सगळ्या नोंदी तपासून दुखणं मधल्या कानापासून मेंदूकडे गेलं असावं, असं मत मांडलं आणि आता बहुतेक जण तेच मानतात.

प्रत्येकाचं पोळं वेगळं

आता प्रश्न असा की त्याच दुखण्यात एखादा माणूस बरा होतो आणि दुसऱ्याच्या मेंदूपर्यंत पू जातो, असं का?

बरीच कारणं आहेत. दुखणं किती जुनं, जंतू कुठले, उपचार कधी मिळाले, हे तर आहेच. पण एक कारण हाडाच्या आत दडलेलं असतं. कुठल्याही दोन माणसांमधलं हे पोळं सारखं नसतं. इतकंच काय, एकाच माणसाचा डावा आणि उजवा कानही कित्येकदा वेगळा असतो.

बाळ जन्मतं तेव्हा मागची मोठी पोकळी असते, पण कानामागचा उंचवटा जवळपास नसतोच. तो पुढच्या एक-दोन वर्षांत आकार घेऊ लागतो आणि हवेच्या खोल्या वयात येईपर्यंत वाढत जातात. म्हणूनच तान्ह्या बाळाला मोठ्या माणसासारखा छेद देता येत नाही. त्याची चेहऱ्याची नस अगदी वरवर असते, ती कापली जाऊ शकते.

मोठेपणी कुणाच्या खोल्या हाडाच्या टोकापर्यंत जातात, कुणाच्या गालाच्या हाडाच्या मुळापर्यंत, तर कुणाच्या पार आत, मेंदूच्या तळाशी असलेल्या हाडाच्या टोकापर्यंत. काहींच्या हाडात हवेच्या जागी मगज असतो. काहींचं हाड हस्तिदंतासारखं भरीव असतं. लहानपणी वारंवार कान फुटला तर खोल्यांची वाढ खुंटते, असं काही तज्ज्ञ मानतात. दुसरे म्हणतात की खोल्या जन्मजात कमी असतात, म्हणूनच कान फुटतो. हा वाद शंभर वर्षांपासून चालू आहे.

टोकापर्यंत पोकळ असलेल्या हाडात पू खालच्या पातळ भिंतीतून मानेत उतरू शकतो. भरीव हाडात पुवाला बाहेर यायला वाट नसते, त्यामुळे बाहेर सूज न दिसताही आत बिघडत जातं. अशा पेशंटला नुसता बाहेरचा छेद पुरत नाही. विल्यम यांच्या मृत्यूच्या तीन वर्षं आधी, १८७३ मध्ये जर्मनीच्या हेर्मान श्वार्त्झ यांनी हाड छिन्नीनं उघडून आतल्या खोल्या साफ करायची रीत नीट मांडली. पण आत काय आहे हे हाड उघडेपर्यंत त्यांनाही कळत नव्हतं.

ते दिसायला लागलं एक्स-रेमुळे. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत रंटगेन यांना या किरणांचा शोध लागला. त्या दिवशी ऑस्कर वँड्सवर्थच्या जेलमध्ये होता. पुढे, ज्या व्हिएन्नात विल्यम शिकायला गेले होते, तिथल्याच आर्थर शुलर या डॉक्टरांनी डोक्याचा एक्स-रे एका ठराविक कोनात तिरका घेतला की कानामागचं पोळं स्पष्ट दिसतं, हे दाखवलं. तो एक्स-रे आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

त्यानंतरची मोठी उडी सीटी स्कॅनची. ऑक्टोबर १९७१ मध्ये जगातला पहिला पेशंट स्कॅन झाला तो लंडनच्या विम्बल्डन भागातल्या हॉस्पिटलात. वँड्सवर्थचं जेल तिथून काही किलोमीटरवर आहे.

आज कानाच्या ऑपरेशनआधी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ कापांचा सीटी स्कॅन काढतात. सर्जन त्यात केवळ रोग बघत नाही. मेंदूखालचा पापुद्रा किती खाली लोंबतोय, मागची मोठी शीर किती पुढे आलीय, चेहऱ्याच्या नसेवर हाडाचं कवच आहे की नाही, मधे एखादा जादा पडदा आहे का, हे सगळं आधीच मोजून घेतो. कधीकधी एका बाजूच्या टोकात हवा आणि दुसऱ्या बाजूच्या टोकात मगज असतो. एमआरआयवर तो मगज पांढरा चमकतो आणि गाठ असल्यासारखा भास होतो. तेव्हा सीटी बघून कळतं की हा आजार नाही, ही त्या माणसाची जन्माची ठेवण आहे.

त्यामुळे स्कॅनच्या रिपोर्टमध्ये हवेच्या पोकळ्या कमी आहेत किंवा दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एवढंच लिहिलेलं असेल तर घाबरून जायचं कारण नसतं. पण कान वाहत असेल, कानामागे सूज येऊन पाकळी पुढे ढकलली गेली असेल, ताप, जोराची डोकेदुखी, चक्कर किंवा चेहरा वाकडा होणं यातलं काही दिसत असेल, तर घरचं तेल कानात टाकत न बसता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं. विल्यम वाइल्ड यांनी १८५३ मध्ये हेच सांगून ठेवलं होतं.